विंगेत उभे राहून शिकवावे

‘आदरणीय ताई, माझे वय ४७ आहे. माहेर खानापूर तालुक्यातले, राहते बेळगावात, वडगावला. २१ व्या वर्षापासून गावोगावच्या जत्रांतल्या नाटकांत मी स्त्री भूमिका करत आले. गावातली मुले महिनाभर तालमी करायची आणि आम्हा बायकांना प्रयोगाच्या एक-दोन दिवस आधी बोलावून घ्यायची. मराठी नाटके केली, तशी कन्नडही केली. दोन वर्षांपूर्वी आवाज बसला, तो पूर्ववत झालाच नाही. स्वरयंत्रावर गाठी आहेत, आता उघड्यावर मोठ्याने बोलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका वयस्कर काकांच्या हाताखाली मी पूर्वी फावल्या वेळात रंग कालवायला आणि ब्रश धरायला शिकले होते. तेवढ्या शिदोरीवर घरी चित्रे काढते. गल्लीतली आठ मुले शिकायला येऊ लागली आहेत. पण मी चित्रकलेचे शिक्षण कुठेच घेतलेले नाही, मग शिकवण्याचा मला अधिकार आहे का? एका मुलीच्या आईने “नाटकातली बाई” असे म्हणून मुलीला मध्येच थांबवले. त्या मुलीचे अर्धे राहिलेले झाडाचे चित्र माझ्याकडेच आहे. वर्गाची पाटी लावायची तर जुनी ओळख सांगावी की झाकावी? आणि मनातले सांगायचे तर, चित्र पुरे झाले की घर नुसते शांत असते, कोणी टाळी वाजवत नाही. ते मला सोसत नाही.’
— एक भगिनी, वडगाव

प्रिय भगिनी,

तुम्ही सर्वांत शेवटी, जरा संकोचून लिहिलेली गोष्ट मी आधी घेते, कारण तुमच्या बाकीच्या दोन्ही प्रश्नांची मुळे तिच्यातच आहेत असे मला वाटते.

नाटकाचा प्रयोग पहाटे संपतो आणि संपतो म्हणजे खरोखरच संपतो. एखाद्या प्रवेशात तुमचा शब्द अडखळला असेल, पदर चुकीच्या खांद्यावर राहिला असेल किंवा समोरचा नवखा नट वाक्य विसरल्यामुळे तुम्ही दोघांची वाक्ये एकटीने रेटून नेली असतील, तर ते सगळे त्या रात्रीबरोबर विरून जाते आणि पुढच्या गावी नव्या मांडवात तुम्ही कोऱ्या उभ्या राहता. चांगले वठले की नाही हेही तिथल्या तिथे कळते, कारण समोरची माणसे हसतात, गप्प होतात, पदराने डोळे पुसतात. चित्राचे तसे नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भिंतीवर तसेच असते आणि काल दिव्याच्या उजेडात आपल्याला सुरेख वाटलेला हात आज कोपरापासून मोडल्यासारखा दिसतो. तुम्हाला जी शांतता सोसत नाही, तिच्यात टाळीची उणीव आहेच, पण आपले काम आपणच तपासायचे, आणि तेही उशिरा, ह्याची सवय नसल्याची अस्वस्थताही आहे. चोवीस वर्षे हे काम तुमच्यासाठी प्रेक्षक करत होते.

ही सवय लागते, आणि ती लावण्याचे साधन तुमच्या घरातच असणार. तुमचा मेकअपचा आरसा काढा. चित्र पुरे झाल्यावर त्याच्याकडे लगेच पाहू नका. ते भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात त्या आरशात पाहा. डावे उजवीकडे गेले की ओळखीचे चित्र परके होते आणि एक डोळा वर चढला आहे, घागर कलंडली आहे, झाड एका बाजूला झुकले आहे, हे दोष आपोआप पुढे येतात. जो दोष दिसेल तो चित्राच्या पाठीमागे तारखेसह लिहून ठेवा आणि ते चित्र दुरुस्त करत बसण्याऐवजी पुढच्या चित्रात तो टाळा. सहा महिन्यांनी त्या पाठी वाचल्यात तर आपण कुठून कुठे आलो हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही.

आवाजाविषयी मी दुरून काही सांगणे बरोबर नाही. पण आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे उदाहरण इथे आठवल्यावाचून राहत नाही. ऐन तारुण्यात क्षयरोगाने त्यांना अंथरुणाला खिळवले, गाणे डॉक्टरांनी बंद केले आणि देवासला पडून असताना त्यांनी काही वर्षे माळव्यातली लोकगीते नुसती ऐकण्यात घालवली. ते पुढे गाण्याकडे परतले, तुम्ही जत्रेच्या रंगमंचावर कदाचित परतणार नाही, हा फरक मी झाकत नाही. मला त्यांच्या आयुष्यातला तो मधला काळ तुमच्यापुढे ठेवायचा आहे. गाता येत नव्हते तेव्हा त्यांनी कानाचे काम थांबवले नाही. तुमचा आवाज थांबला आहे, पण चोवीस वर्षे माणसांच्या उभे राहण्याकडे, वळण्याकडे, लाजण्याकडे आणि खचण्याकडे बारकाईने पाहिलेले डोळे थांबलेले नाहीत.

आता अधिकाराचा प्रश्न. रंगमंच आणि चित्रकला ही दोन वेगळी घरे आहेत असे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि आपल्या भागाचा इतिहास तसे सांगत नाही. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली ती हुबळीला. त्याच सुमारास कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव हे दोघे चुलत भाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते आणि त्यांनी रंगवलेल्या महालांची, रस्त्यांची, अरण्यांची खोली पाहून प्रेक्षक थक्क होत होते. त्यांच्यापैकी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) पुढे चित्रकार, शिल्पकार आणि चित्रपटकार म्हणून सर्वांना माहीत झाले. कलाशाळेत न जाता त्यांनी ही विद्या मिळवली आणि त्यांच्या हाताखाली पुढची माणसे तयार झाली. तुमच्या त्या पडदेवाल्या काकांचा वारसा ह्याच परंपरेतला आहे, तो हलका समजू नका.

मात्र ह्या उदाहरणावरून शिक्षणाची गरजच नाही असा अर्थ काढलात तर मी तुम्हाला थांबवीन. ह्याच बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी चित्रकलेचे जे अध्यापन केले, त्यातून रवी परांजपे (१९३५–२०२२) यांच्यासारखा चित्रकार घडला. वस्तूसमोर बसून, पाहून, मोजून, पुन्हा पुन्हा काढून हात तयार करण्याची शिस्त तिथे होती. बाबूरावांनीही ही शिस्त टाळली नव्हती, त्यांनी ती स्वतःच स्वतःला लावून घेतली. लहान मुलांना रंगांची गोडी लावण्याचा अधिकार तुम्हाला आजही आहे. मोठ्या मुलांना परीक्षेसाठी तयार करण्याचा अधिकार मिळवायला मात्र निदान एक वर्ष तुम्हाला स्वतः विद्यार्थी व्हावे लागेल.

त्या वर्षात काय करायचे, हे तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही ह्यावरून ठरते. रंग तुम्हाला कळतो, आणि तो पुस्तकातून कळलेला नाही. पिवळ्या दिव्याखाली निळे लुगडे काळपट आणि मळके दिसते, हे तुम्ही अंगावर नेसून अनुभवले असेल. सरसात कालवलेला रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो, हे काकांनी शिकवले असणार. कागदावर जलरंगही असाच फिका पडतो, म्हणून मुलांचा आकाशाचा निळा वाळल्यावर का हरवतो हे तुम्ही त्यांना चटकन सांगू शकाल. यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) समजावताना पुष्कळ शिक्षक रेषा आखून मुलांना घाबरवतात. तुम्ही मात्र त्यांना सांगू शकता की मागच्या पडद्याला टेकून उभे राहिले की त्यावर रंगवलेला राजवाड्याचा दरवाजा आपल्या कमरेइतकाच येतो आणि प्रेक्षकांना आपण राक्षसासारखे दिसतो, म्हणून नटाने त्या पडद्यापासून पुढे राहायचे असते. दूरची वस्तू लहान का काढतात हे त्या एका गोष्टीत मुलांना कळून जाईल. चेहऱ्याचा उठाव दाखवणेही तुम्हाला नवे नाही, कारण गालाचे हाड उजळ करणे आणि त्याखाली सावली धरणे हे तुम्ही रोज स्वतःच्या चेहऱ्यावर केले आहे.

तुमच्याकडे नसेल ती जवळून पाहण्याची सवय. रंगमंचाचे सगळे काम शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी असते, म्हणून भुवया जाड, ओठ लाल, हात मोठ्या फेरात फिरणारे. ही ठळकपणाची सवय कागदावर उतरली की प्रत्येक चित्र पडद्याचा तुकडा वाटू लागते. त्यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण मला दुसरा माहीत नाही. रोज सकाळी एकाच जागी बसून, एकाच खिडकीच्या उजेडात, एकच साधी वस्तू नुसत्या पेन्सिलीने काढा. पितळेचा तांब्या, दोन वांगी, खानापूरच्या मातीचे एखादे मडके चालेल. वस्तूचा सर्वांत उजळ भाग आणि सर्वांत गडद भाग कुठे आहे हे आधी ठरवा आणि त्यांच्यामधल्या छटा सावकाश भरा. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसचे दिवस उजेड मवाळ आणि एकसारखा असतो. तेव्हा सावल्या पुसट होतात आणि मधल्या छटा ओळखण्याचा चांगला सराव होतो, म्हणून ते महिने वाया घालवू नका. मनुष्याकृतीसाठी एक मोजमाप लक्षात ठेवा. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट भरते, पाच-सहा वर्षांच्या मुलाची सुमारे साडेपाच ते सहा पट, आणि डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. कपाळ लहान काढण्याची चूक जवळजवळ सगळेच करतात.

आता मला ज्या गोष्टीची तुमच्याविषयी खरी काळजी वाटते ती लिहिते. आठ मुले समोर बसली की तुमच्यासारख्या अनुभवी नटीला तो रंगमंच वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तुम्ही सुंदर बोलाल, फळ्यावर झरझर चित्र काढाल, मुले आ वासून पाहतील आणि ज्या टाळीसाठी जीव तळमळतो आहे ती तुम्हाला तिथे मिळेल. त्या दिवसापासून मुले तुमची चित्रे काढू लागतील, स्वतःची काढणार नाहीत. नाटकात एक माणूस विंगेत संहिता घेऊन उभा असतो. प्रयोगभर तो दिसत नाही, नट व्यवस्थित चालला असेल तर तोंडही उघडत नाही, आणि अडखळला तर फक्त पुढचा एक शब्द हळूच देतो, पूर्ण संवाद म्हणून दाखवत नाही. तुम्ही त्या प्रॉम्प्टरच्या जागी जाऊन बसा. मूल अडले तर ‘ह्या फांदीची दुसरी टोकं कुठे गेली गं?’ एवढेच विचारा आणि थांबा.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते त्याला माझा एक अनुभव कारण आहे. नववीत असताना मी स्पर्धेसाठी आमच्या घरामागच्या विहिरीचे चित्र काढले होते. आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी माझ्या हातातून ब्रश घेतला, पाण्यातली सावली आणि रहाटाचा दोर स्वतः रंगवला आणि त्या चित्राला बक्षीस मिळाले. घरी सगळ्यांनी कौतुक केले. त्यानंतर दोन वर्षे मी चित्र काढले नाही, कारण त्या चित्रातले जे चांगले होते ते माझे नव्हते हे फक्त मला ठाऊक होते. पुढे तीस वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवली आणि एक नियम पाळला, की मुलाच्या कागदाला आपला ब्रश लावायचा नाही. काही दाखवायचेच असेल तर वेगळ्या कागदाच्या तुकड्यावर दाखवायचे आणि तो तुकडा लगेच बाजूला ठेवायचा.

तुमच्या आवाजालाही हीच पद्धत मानवेल. वर्गात ओरडू नका, आणि कुजबुजूही नका, कारण कुजबुजताना स्वरयंत्रावर ताणच पडतो. नेहमीच्या मवाळ आवाजात थोडे बोला आणि बाकीचे हातांनी सांगा. तुमच्या देहाचा उपयोग एका ठिकाणी अवश्य करा. आठवड्यातून एकदा स्वतः मुलांसमोर उभ्या राहा, कमरेवर घागर घेतलेली बाई, दारात वाट पाहणारी आई, भांडून निघालेली सून, अशा एकेका अवस्थेत दोन-दोन मिनिटे निश्चल थांबा आणि मुलांना पेन्सिलीने भराभर रेषा ओढू द्या. मुलांनी तुमच्या नाकडोळ्यांकडे पाहू नये, कणा कुठे वाकला आहे आणि भार कुठल्या पायावर आहे एवढेच पकडावे. एरवी मुलांना असा समोर उभा राहणारा माणूस मिळत नाही, आणि तुम्हाला स्थिर उभे राहणे कोणी शिकवायला नको.

वडगावात तुमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काहींच्या घरी माग असतील. त्यांना संकल्पचित्र शिकवताना पुस्तकातली नक्षी देऊ नका, साडीचा काठ आणायला सांगा. एकच बुट्टी किती अंतराने फिरून येते, उलटी होते की सरळ, दोन बुट्ट्यांमधली रिकामी जागा केवढी आहे, हे त्या मुलांनी घरी नकळत पाहिलेले असते आणि वर्गात ते पहिल्यांदा त्यांच्या लक्षात येईल. काही मुले कन्नड शाळेतली असतील. रंगाला बण्ण म्हणणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेत उत्तर मिळाले की ते मोकळे होते, आणि दोन्ही भाषांत बोलता येणे ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

परीक्षांविषयी पालक विचारतीलच. कर्नाटकात चित्रकलेच्या लोअर आणि हायर ग्रेडच्या परीक्षा असतात, महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. मुलांना त्या वाटेने पाठवण्याआधी तुम्ही स्वतः लोअर आणि हायरचा अभ्यासक्रम पुरा करा, आणि नियमांत बसत असेल तर परीक्षाही द्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी शाळकरी मुलांच्या शेजारी बसून पेपर लिहिण्यात कमीपणा नाही. तुम्ही तर एका रात्रीच्या तालमीवर अनोळखी गावात उभ्या राहिलेल्या आहात. फी मात्र पहिल्या दिवसापासून घ्या, थोडी घ्या, पण घ्या. फुकट शिकवणाऱ्याचा वर्ग सणासुदीला आपोआप रिकामा होतो. एखाद्या मुलाच्या घरी खरोखरच अडचण असेल तर त्याची फी माफ करा आणि ते फक्त तुम्हाला आणि त्याच्या आईला ठाऊक राहू द्या.

पाटीवर जुनी ओळख असावी की नसावी, ह्याबद्दल माझे मत पक्के आहे, ती असावी. ज्या जिल्ह्यात कौजलगी निंगम्मांनी श्रीकृष्ण पारिजात ह्या कन्नड लोकनाट्यात नाव मिळवले आणि कन्नड नट एणगी बाळप्पा (१९१४–२०१७) शंभरी ओलांडेपर्यंत रंगभूमीचे मानकरी राहिले, त्या जिल्ह्यात रंगमंचावरच्या स्त्रीने आपले काम झाकून ठेवावे हे मला पटत नाही. त्या आईचे बोल तुम्हाला किती लागले असतील ह्याची मला कल्पना आहे. आपल्या समाजाने नाटकात काम करणाऱ्या बाईकडून करमणूक करून घेतली आणि तिला घरात मात्र घेतले नाही. ही जुनी खोट आहे आणि तिची लाज तुम्ही वाहायची नाही. शिवाय झाकलेली गोष्ट गल्लीत दोन दिवसांत उघडी पडते आणि मग ती झाकली होती ह्याचीच चर्चा होते. पाटीवर नाव, त्याखाली ‘नाट्यकलावंत व चित्रकार’, आणि वर्गाचे वार व वेळ एवढे पुरेसे आहे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. कर्नाटक सरकारच्या कन्नड आणि संस्कृती खात्यातर्फे वयस्कर कलावंतांना मासाशन, म्हणजे दरमहा मानधन, दिले जाते. त्याला अजून अवकाश आहे, पण जुनी हस्तपत्रके, फोटो, गावच्या मंडळांनी दिलेली प्रशस्तिपत्रे आतापासून एका पेटीत जमा करा. दोन वर्षे झाकून ठेवलेल्या वस्तू पुढे सापडत नाहीत.

वर्गाचे दार उघडे ठेवा आणि ज्या आईला बसून पाहायचे आहे तिला कोपऱ्यात सतरंजी द्या. मुलीला थांबवणाऱ्या त्या आईकडे खुलासा करायला जाऊ नका, आणि तिच्याविषयी इतर पालकांपाशी बोलूही नका. दिवाळीनंतर सगळ्या मुलांची चित्रे दोरीला लावून ओसरीवर एक दिवस मांडा आणि गल्लीतल्या सगळ्या घरी सांगा, तिच्याही घरी. त्या मुलीचे झाड पुरे करून लावू नका. ते आहे तसेच, अर्धे, तिचे नाव लिहून इतरांच्या रांगेत लावा आणि खाली तिची पेन्सिल ठेवा.